धूर दिसतो, पराग दिसत नाहीत

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले, की पंधरा-सोळा किलोमीटरवर सिलतरा येते. गावाची पाटी दिसण्याआधी धुरांडी दिसतात. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, कोळशाचे ढीग आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक. लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट मोठ्या फिरत्या भट्टीत भाजून तिथे पोलादाचा कच्चा माल तयार होतो. सकाळी गच्चीवर बोट फिरवले, तर बोट काळे होते. तुळशीच्या पानांवर काजळी बसते आणि वाळत घातलेले पांढरे धोतर संध्याकाळी राखाडी होऊन खाली येते.

अशा गावात कुणी शिंकले, खोकले किंवा कुणाचे डोळे लाल झाले, तर कारण शोधायला कुणी जात नाही. सगळ्यांचे बोट धुरांड्याकडे वळते. बहुतेक वेळा ते बोट खरेही असते. पण प्रत्येक वेळी ते खरेच असेल असे नाही. ते चुकले, तर खरे दुखणे उपचारावाचून राहते आणि कधीकधी एखादे घर भलताच निर्णय घेऊन बसते. सिलतऱ्यातल्या एका मराठी कुटुंबावर ही वेळ जवळजवळ आलीच होती.

नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर होती, तेव्हापासून रायपुरात मराठी घरे आहेत. तात्यापारा ही त्यांची जुनी वस्ती. हे कुटुंब मूळचे तिथलेच. वडिलांना भट्टीवर तीन पाळ्यांची नोकरी लागली आणि घर सिलतऱ्याला आले. घरात आजी, आई, वडील आणि एकुलती एक मुलगी.

सर्दी की आणखी काही?

२०२३ च्या फेब्रुवारीत मुलगी आठवीत होती. एके दिवशी सकाळी उठल्या उठल्या तिला शिंका सुरू झाल्या. एक-दोन नव्हे, एका दमात दहा-बारा. नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना खाज, टाळूलाही खाज. जिभेने टाळू खाजवताना ती असा काही आवाज काढी, की आजी रागावत. "बाळ, पोरीच्या जातीला शोभतं का हे?"

घराने सर्दी समजून काढे दिले, वाफ दिली. गल्लीतल्या दवाखान्यातून औषधाची बाटली आली, अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या. ताप नव्हता, अंग दुखत नव्हते, तरी 'सर्दी' हटेना. एप्रिल उजाडला आणि ती आपोआप गेली. शेवटच्या औषधाला गुण आला, असे सगळ्यांनी मानले.

२०२४ च्या फेब्रुवारीच्या मध्याला तेच पुन्हा सुरू झाले. या वेळी रात्री खोकलाही येऊ लागला. औषधांच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली, तशा शिंका कमी झाल्या. पण मुलगी दिवसभर पेंगू लागली. नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरला तिने डोके बाकावर टेकले आणि अर्धा तास तसाच गेला. नेहमी पहिल्या पाचांत येणारी मुलगी सतराव्या क्रमांकावर गेली.

घरातल्या प्रत्येकाने आपापला आरोपी ठरवला होता. आजींच्या मते दोष होळीच्या गुलालाचा आणि आंब्याच्या मोहराचा. शेजारणीच्या मते गाजर गवताचा. वडील मात्र काही बोलत नव्हते. ते ज्या भट्टीवर काम करत, तिचाच धूर आपल्या लेकीच्या छातीत जातोय, हे त्यांच्या मनाने घेतले होते. एका रात्री पाळीवरून आल्यावर ते म्हणाले, "मी राजीनामा देतो. नागपूरला काहीतरी बघू. पोरीच्या जिवापेक्षा नोकरी मोठी नाही."

पंधरा वर्षांची नोकरी, निम्मे फिटलेले घराचे कर्ज आणि पुढच्या वर्षी मुलीची दहावी. आईने एवढेच म्हटले, "अहो, थोडं थांबा. आधी नक्की कशानं होतंय ते तर कळू दे."

कॅलेंडरची साक्ष

बहुतेक मराठी घरांत असते तसे या घरातही स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेले. त्यावर दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, कामवालीच्या रजा अशा साऱ्या नोंदी. आईने त्याच चौकोनांत आणखी दोन खुणा करायला सुरुवात केली. मुलीला शिंकांचा त्रास झाला, की 'शि'. गच्चीवर काजळी जास्त पडली, की 'धू'. आदल्या वर्षीचे कॅलेंडरही तिने माळ्यावरून काढले. त्यात दवाखान्याच्या फेऱ्या आणि औषधांचे पैसे लिहिलेले होते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती होळीची. २०२३ मध्ये धुळवड ८ मार्चला होती, २०२४ मध्ये २५ मार्चला. सण सतरा दिवस पुढे सरकला होता, पण शिंका दोन्ही वर्षी फेब्रुवारीच्या मध्यालाच सुरू झाल्या. २०२४ मध्ये तर गुलाल उधळायच्या महिनाभर आधी. म्हणजे आजींचा गुलाल सुटला.

दुसरी गोष्ट घडली मार्चमध्ये. फिरत्या भट्टीच्या आतल्या भिंतीवर मालाचा थर चढत जातो. तो काढायला भट्टी अधूनमधून थंड करावी लागते. वडिलांची भट्टी त्यासाठी दोन आठवडे बंद होती. त्या दिवसांत गच्चीवर 'धू' कमी झाले, 'शि' मात्र एकही चुकला नाही.

तिसरी गोष्ट मामाच्या लग्नाची. लग्नासाठी मायलेकी आठ दिवस डोंबिवलीला गेल्या. तिथेही गर्दी, धूळ, गाड्यांचा धूर यांची काही कमी नव्हती. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मुलीचे नाक मोकळे झाले. परत आल्यावर दोन दिवसांत शिंका पुन्हा हजर.

आणि चौथी गोष्ट सर्वांत बोलकी. पावसाळा संपून थंडी पडली. थंडीत वारा पडतो आणि धूर जमिनीलगत साचून राहतो. नोव्हेंबर-डिसेंबरचे चौकोन 'धू'ने भरून गेले. घरातले सगळेच खोकत होते, सगळ्यांचे घसे खवखवत होते. पण एकालाही शिंकांची माळ लागली नाही, कुणाच्या टाळूला खाज सुटली नाही.

धुराचा त्रास आणि परागाची अॅलर्जी यांतला फरक त्या कॅलेंडरवर सरळ वाचता येत होता. धूर जळजळ करतो, घसा खरवडतो, खोकला आणतो आणि कमी-जास्त प्रमाणात घरातल्या सगळ्यांनाच गाठतो. परागाची अॅलर्जी घरातल्या एखाद्यालाच निवडते. तिची मुख्य खूण म्हणजे खाज: नाकाला, डोळ्यांना, टाळूला, कानाच्या आत. नाकातून पाण्यासारखा स्राव येतो, शिंका ओळीने येतात, ताप नसतो. आणि ती दर वर्षी ठरावीक आठवड्यांतच येते. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आटोपते, पराग महिना-दीड महिना मुक्काम करतात. त्रास बाराही महिने असेल आणि गादी झटकताना वाढत असेल, तर घरच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा संशय घ्यावा. ओल धरलेल्या भिंतींच्या घरात पावसाळ्यात वाढत असेल, तर बुरशीचा.

न दिसणारा पाहुणा

थंडीच्या आधीच, २०२४ च्या जुलैत, आई-वडील मुलीला घेऊन रायपुरातल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले होते. आईने फायलीऐवजी दोन कॅलेंडरे पुढे ठेवली. डॉक्टर आधी हसले, मग पाने उलटू लागले आणि हळूहळू त्यांचे हसू मावळले. "बाई, अर्धी तपासणी तुम्हीच केली आहे," ते म्हणाले. "आता सांगा, घराजवळ झाडं कोणती आहेत?"

कडुनिंब, गुलमोहर, पळस, करंज. मुलीने पाढा वाचला.

"आणि तळ्याकाठी? मार्चमध्ये ज्याच्या खाली कागदासारख्या गोल चकत्या पडतात, असं एखादं झाड?"

"चिरोल!" मुलगी म्हणाली. "आम्ही त्याच्या बिया सोलून खातो."

सोबत आलेल्या आजींना ते झाड चांगलेच आठवत होते. "अहो, ती तर वावळ! आमच्या लहानपणी आम्हीही खायचो."

वावळ हा आपल्याकडचा जुना, उंच वृक्ष. पाने चुरगळली तर उग्र वास येतो. माघ-फाल्गुनात पाने झडून गेली, की उघड्या फांद्यांवर तपकिरी-हिरव्या रंगाची इतकी बारीक फुले येतात, की झाड फुलले आहे हे खालून कुणाला कळतही नाही. पुढे त्याला पंखाच्या चपट्या गोल चकत्या लागतात. भारतात परागाची अॅलर्जी करणाऱ्या झाडांत वावळीचे नाव वरच्या ओळीत आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. शिवपुरी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून या विषयावर पायाभूत काम केले. आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतले पराग आणि बुरशीचे बीजाणू पकडून मोजण्याचे यंत्रच तयार केले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अॅलर्जीचा आळ बहुतेक वेळा रंगीत, सुवासिक फुलांवर येतो. वास्तविक पळस, गुलमोहर, बहावा यांचे पराग जड आणि चिकट असतात. ते किडे-पाखरांच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलावर जातात, हवेत फारसे उडत नाहीत. रंग आणि मध असतो तो त्या पाखरांना बोलावण्यासाठीच. जे झाड आपले पराग वाऱ्यावर सोडते, त्याला सजायची गरज नसते. त्याचे फूल साधे, बिनवासाचे असते आणि पराग कोरडे, हलके आणि अगणित. असे बहुतेक पराग मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते पंचविसाव्या भागाएवढे असतात. धूर डोळ्यांना दिसतो, पराग दिसत नाहीत. म्हणून दोष दिसणाऱ्याच्या माथी बसतो.

हे कोडे शास्त्रज्ञांनाही सहज सुटले नव्हते. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बॉस्टॉक या डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात स्वतःला होणाऱ्या या त्रासाचे वर्णन केले. त्यांना कारण वाटले ते उन्हाचे. खरे कारण सिद्ध केले चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हेच दुखणे होते. त्यांनी स्वतःच्याच नाकावर आणि त्वचेवर परागाचे प्रयोग केले आणि १८७३ मध्ये ते पुस्तकरूपाने मांडले.

शरीरात काय घडते, तेही ऐकण्यासारखे आहे. परागकण स्वतः विषारी नसतो. बहुतेकांच्या नाकात तो येतो आणि शेंबडाबरोबर निघून जातो. पण काहींचे शरीर त्याला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करून ठेवते. पुढच्या वर्षी तोच पराग नाकात शिरला, की त्या पेशी हिस्टामिन आणि तशीच इतर द्रव्ये सोडतात. त्यातूनच खाज, सूज, पाणी आणि शिंका. दारावर आलेल्या निरुपद्रवी पाहुण्याला चोर समजून रखवालदाराने सारी आळी जागी करावी, त्यातलाच प्रकार.

हातावरची परीक्षा

डॉक्टरांनी मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या परागांच्या आणि धुळीच्या अर्काचे थेंब ओळीने ठेवले आणि प्रत्येक थेंबातून बारीक सुईने नुसते टोचले. रक्तही आले नाही. वीस मिनिटांत वावळीच्या जागी डास चावल्यासारखी मोठी गांधी उठली. घरच्या धुळीची लहानशी, बाकी कोऱ्या. या तपासणीआधी काही दिवस अॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधीच उठत नाही. त्या कधी बंद करायच्या, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. नुसती गांधी उठली म्हणजे आजार झाला, असे नाही. गांधी आणि त्रासाचे दिवस यांचा मेळ बसला, तरच निदान पक्के. इथे तो मेळ कॅलेंडरने आधीच दाखवला होता.

मग त्यांनी मुलीला एका नळीत जोराने फुंकायला लावले. रात्रीच्या खोकल्यामुळे त्यांना दम्याची शंका होती. नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोके. नाकाची अॅलर्जी दुर्लक्षित राहिली, तर कित्येकांना पुढे दमा जडतो. सुदैवाने मुलीचे फुंकणे ठीक निघाले. तरी छातीत शिट्टीसारखा आवाज, रात्री दम लागून जाग येणे किंवा धावताना छाती आवळणे, यांतले काही दिसले तर लगेच यायचे, असे त्यांनी सांगितले. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर अॅलर्जी असेल म्हणून गप्प न बसता थुंकीची तपासणी करायची. क्षयरोग आपल्याकडे अजून संपलेला नाही.

वडील इतका वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, म्हणजे माझ्या कारखान्याचा यात दोष नाही?"

"आहे," डॉक्टर म्हणाले. "पण निम्माच. धुरानं नाकाचं अस्तर सोलवटतं, मग पराग जास्त झोंबतो. डिझेलच्या धुराचे कण अॅलर्जी वाढवतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण तुम्ही नागपूरला गेलात, तर वावळ तिथेही आहे. नोकरी सोडून झाड सुटणार नाही."

त्या रात्री राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

उपाय: वेळेवर आणि नेमाने

दहावीची परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार होती, म्हणजे नेमक्या वावळीच्या भर हंगामात. हा योगायोग एकाच घराचा नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात सुमारे अठराशे शाळकरी मुलांच्या सराव परीक्षेची आणि उन्हाळ्यातल्या अंतिम परीक्षेची तुलना केली होती. परागाचा त्रास असलेल्या मुलांची श्रेणी घसरण्याची शक्यता इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होती. झोप आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची तर ७० टक्क्यांनी. म्हणजे नववीत मुलीचा घात शिंकांइतकाच त्या गोळीनेही केला होता.

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि फार झोप न आणणारी दिली. पण मुख्य भिस्त ठेवली ती नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्यावर. स्टेरॉइड म्हटल्यावर आजी घाबरल्या. पण या फवाऱ्यातले औषध अगदी थोडे असते, ते नाकापुरतेच काम करते आणि रक्तात फार कमी जाते. वाढत्या मुलांना ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लागेल तेवढ्याच मात्रेत द्यावे, एवढे पथ्य.

फवारा शिंका आल्यावर एकदा मारून उपयोग नाही. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामाच्या आधीच तो सुरू करायचा आणि रोज घ्यायचा. आईने २०२५ च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यावर लाल पेनने खूण केली. मारायची रीतही डॉक्टरांनी शिकवली. मान थोडी खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा. तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला. जोराने ओढून घ्यायचे नाही. ओढले, तर औषध घशात उतरते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळायला सांगितल्या. नाक चटकन मोकळे करणारे दुकानातले थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नयेत. पुढे त्यांच्यानेच नाक बंद होऊ लागते आणि त्यांची सवय जडते. दुसरे, "एक सुई घ्या, हंगामभर निश्चिंत व्हा" असे सांगून दिली जाणारी दीर्घकाळ टिकणारी स्टेरॉइडची इंजेक्शने. ती साऱ्या शरीरावर परिणाम करतात. साखर वाढवतात आणि शरीरातले स्वतःचे संप्रेरक दाबतात.

आजींच्या बटव्यालाही त्यांनी मान दिला. हळदीचे दूध खुशाल प्यावे, घशाला बरे वाटते, पण ते अॅलर्जीचे औषध नव्हे. मधाचेही तसेच. मधात पराग असतात ते मधमाश्यांनी फुलांवरून आणलेले. वाऱ्यावर उडणाऱ्या परागावर त्यांनी उतारा पडतो, असा भक्कम पुरावा नाही. जलनेती मात्र खरोखर उपयोगी. अर्धा लिटर पाण्यात सपाट लहान चमचाभर मीठ. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात घालू नये. नाकातले पराग धुऊन निघतात आणि औषधही कमी लागते.

परागाच्या अर्काची वाढती मात्रा देऊन शरीराला त्याची सवय लावण्याचा एक उपचारही आहे. १९११ मध्ये लंडनचे नून आणि फ्रीमन यांनी तो प्रथम मांडला. सुईने किंवा जिभेखाली देतात, तीन ते पाच वर्षे चालतो आणि अनुभवी डॉक्टरांच्याच हातून घ्यावा लागतो. सुईनंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. औषधांनी पुरेसा गुण येत नसेल, तर त्याचा विचार करावा. या घराने तो दहावीनंतरवर ठेवला.

घरातले लहान बदल

आईने घराची शिस्त थोडी बदलली. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत हवेत पराग फार असतात. त्या वेळात मुलीच्या खोलीच्या खिडक्या बंद. तिचे कपडे आणि चादर गच्चीवर न वाळवता आतल्या पडवीत. गच्चीवरच्या कुरडया-पापडांची राखण या वर्षी आजींकडे. केर काढण्याऐवजी ओले फडके. सायकलवरून शाळेत जाताना चष्मा आणि मास्क. घरी आल्यावर आधी तोंड-हात-पाय, मग कपडे बदलणे. झोपण्यापूर्वी केस धुणे किंवा निदान ओल्या फडक्याने पुसणे, नाहीतर दिवसभराचे पराग उशीवर उतरतात.

अडचण आली ती कूलरची. रायपूरकडे मार्च लागला, की घरोघर कूलर सुरू होतात आणि कूलर तर बाहेरचीच हवा आत ओढतो. आईने मुलीच्या खोलीत एप्रिलपर्यंत पंख्यावरच भागवले. कूलर लावायच्या आधी त्याची जुनी खस बदलली आणि टाकी घासून घेतली, कारण साचलेल्या पाण्यात बुरशी वाढते.

२०२५ च्या फेब्रुवारीत शिंका आल्या नाहीत का? आल्या. पण दहा-बाराच्या जागी दोन-तीन. कॅलेंडरवर 'शि'च्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या आणि मुलगी रात्री शांत झोपू लागली. गणिताच्या पेपरला ती पूर्ण तीन तास जागी होती. त्या घराला एवढेच हवे होते.

झाड तोडावे का?

आजींचा सल्ला साधा होता: तळ्याकाठची वावळ तोडून टाकायची. त्यावर डॉक्टरांचे उत्तर असे, की पराग वाऱ्याबरोबर काही किलोमीटर जातात. एक झाड तोडल्याने हंगाम टळत नाही. सावली मात्र जाते, पाखरांचे घर जाते आणि धूळ अडवणारा आडोसाही जातो.

विचार करायचा तो नवी झाडे लावताना. एकाच जातीची झाडे हजारोंनी लावली, की काय होते हे जपानने दाखवले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सुगी नावाच्या देवदाराची प्रचंड लागवड झाली. त्याच्या परागाच्या अॅलर्जीची पहिली नोंद १९६४ च्या सुमारास झाली. आज तिथे दहांपैकी जवळजवळ चारजणांना तो त्रास आहे. २०२३ मध्ये जपान सरकारला ही लागवड दहा वर्षांत वीस टक्क्यांनी कमी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. आपल्याकडे गुजरातने त्याच वर्षी कोनोकार्पस या झपाट्याने वाढणाऱ्या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली. कारखान्यांभोवतीचे हिरवे पट्टे, रस्त्यांच्या कडा आणि शाळांची आवारे सजवताना करंज, बहावा, पळस, कदंब अशी मिश्र झाडे लावली, तर सावलीही मिळेल आणि नाकालाही आराम पडेल.

याचा अर्थ धुराला माफी द्यावी, असा मुळीच नाही. गच्चीवरची काजळी खरी आहे आणि तिचा जाब गावाने विचारत राहिलेच पाहिजे. वडील आता हेच म्हणतात: धूर रोखायला अख्खे गाव लागेल, पराग ओळखायला मात्र घरचे कॅलेंडर पुरे.

आपल्याही घरात कुणाला दर वर्षी ठरावीक दिवसांत 'सर्दी' होत असेल, तर आजच एक पेन कॅलेंडरपाशी अडकवून ठेवावे. त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, कधी थांबला, गाव बदलल्यावर काय झाले, घरात आणखी कुणाला झाला का, एवढे लिहावे. वर्षभराने तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्र दम लागत असेल, तर वर्षभर थांबू नये, त्याच दिवशी जावे. आजाराचे नाव कळले, की निम्मी भीती जाते आणि आळ भलत्यावर घेऊन भलतेच निर्णय करण्याची वेळ येत नाही.